मागचा माणूस : पेठच्या घाटवाटेवरील लांब वाहनांचा इतिहास

रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण सहसा तीन गोष्टी नोंदवतो : रस्ता कोणी बांधला, कधी बांधला आणि त्यावर किती खर्च झाला. त्या रस्त्यावरून लांब वस्तू कशी वळवली, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. नाशिक-पेठ रस्त्याची जुनी कागदपत्रे आणि त्या रस्त्यावर आयुष्य घालवलेली माणसे यांच्यामागे गेली काही वर्षे मी हिंडतो आहे. त्यातून एक गोष्ट मला ठामपणे दिसू लागली. घाटात लांब वाहन वळवणे हे एकट्याचे काम कधीच नव्हते. पुढे हाकणारा आणि मागे पाहणारा अशी दोन माणसे त्याला लागत आली आहेत. इतिहासात पहिल्याची थोडीफार नोंद सापडते, दुसऱ्याची जवळजवळ नाहीच.

आधी भूगोल पाहू. नाशिकहून पेठकडे निघाले की सावळघाट लागतो, मग करंजाळी आणि त्यापुढे पेठच्या अलीकडे कोटंबीचा घाट. गोदावरीचे खोरे मागे पडते आणि पाणी पश्चिमेला, दमणगंगेकडे वाहू लागते. पुढे कपराडामार्गे पारडीला जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ८४८ म्हणून ओळखला जातो. नाशिकचे कारखाने आणि वापीची औद्योगिक वसाहत यांना जोडणारी ही जवळची वाट असल्याने कंटेनर आणि ट्रेलर यांची येथे सतत ये-जा असते. पाऊस मुबलक, उतार तीव्र आणि एका बाजूला दरी, असे या रस्त्याचे रूप आहे.

गाडीरस्ता होण्यापूर्वी सह्याद्रीच्या घाटांतून माल उतरे तो बैलांच्या पाठीवरून. लमाण-वंजाऱ्यांचा तांडा कितीही लांब असला तरी त्याला वळण आडवे येत नसे, कारण प्रत्येक बैल आपापले वळण स्वतः घेई. शेकडो बैलांची ती रांग म्हणजे शंभर सांधे असलेले एक लांब वाहनच होते. अडचण सुरू झाली ती न दुमडणाऱ्या वस्तूपासून, आणि पेठच्या बाबतीत ती वस्तू होती सागाचे लाकूड. पेठचे दळवी संस्थान १८७८ मध्ये ब्रिटिश अमलात विलीन झाले. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये पेठचे वर्णन वाचताना हा सारा मुलूख जंगलाचा असल्याचे ठळकपणे जाणवते. धान्याचे पोते बैलाच्या पाठीवर बसते, पण घराचे आढे होणारा सरळसोट सोट बसत नाही. तो गाडीवरच न्यावा लागतो.

दोन चाकी बैलगाडीवर लांब लाकूड टाकले की त्याचे शेपूट आसाच्या बरेच मागे जाते. बैल डावीकडे वळले की हे शेपूट उजवीकडे फिरते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला दरड असेल तर ते दरडीवर आपटते आणि दरी असेल तर अधांतरी जाते. गाडीवानाची नजर बैलांवर असते, त्याला हे दिसत नाही. म्हणून मागच्या टोकाला दोर बांधून एक माणूस चाले, असे पेठ भागातल्या वयस्कर मंडळींनी मला सांगितले. उतारावर चाकाखाली दगड सरकवण्याचे कामही त्याचेच असे.

हीच कला आपल्या एका उत्सवात अजून शाबूत आहे. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. या रथाला सुकाणू नाही. ओढणारे शेकडो असतात, पण रथ थांबतो आणि वळतो तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांच्या हातांनी. लाकडाची ती मोगरी कोणत्या चाकाला, कोणत्या क्षणी आणि किती तिरकी लावायची हे जाणणारी माणसे ठरलेली असतात. दिशा ओढणाऱ्यांच्या ताकदीपेक्षा मोगरी लावणाऱ्यांच्या अंदाजावर ठरते.

रेल्वेपुढेही लांबीचा हाच पेच होता. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. डोंगरात गाडी वळवायला जागा अपुरी पडली, तेव्हा अभियंत्यांनी उलटे फिरण्याचे स्थानक बांधले. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मागचा डबा पुढचा होऊन प्रवास चालू राही. म्हणजे वळण टाळण्यासाठी गाडीचे पुढचे आणि मागचे टोकच अदलाबदल केले.

रस्त्यावरच्या वाहनाने वेगळा उपाय निवडला. त्याने स्वतःला मधे सांधा बसवला. ट्रेलरच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला आपल्याकडचे चालक आजही ‘घोडा’ म्हणतात. घोडा आणि ट्रेलर जिथे जोडले जातात त्या तव्यासारख्या भागाचे नाव ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक. हे चाक रस्त्यावर कधीच फिरत नाही. चार चाकी घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवे गोल चक्र असे, त्यावरून हे नाव आले.

सांध्यामुळे लांब वाहन वळू लागले, पण मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. शाळेत शिकलेल्या काटकोन त्रिकोणाने हे समजते. समजा, जोडाचा बिंदू १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे आणि तिथून ट्रेलरच्या मागच्या आसापर्यंतचे अंतर ९ मीटर आहे. १५ चा वर्ग २२५, त्यातून ८१ वजा केले की १४४ उरतात. त्याचे वर्गमूळ १२. म्हणजे मागची चाके १२ मीटरच्या वर्तुळावर, तब्बल ३ मीटर आतून फिरतात. आता तेच अंतर १२ मीटर करा. उत्तर येते ९, म्हणजे चाके ६ मीटर आत गेली. लांबी एक तृतीयांशाने वाढली, पण आत कापण्याचे अंतर दुप्पट झाले. वळण लवकर संपले तर हा आकडा कमी भरतो, पण घाटातल्या जवळपास पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणावर तो चांगलाच जाणवतो.

म्हणूनच ट्रेलरचालक डावे वळण घेण्याआधी गाडी उजवीकडे नेतो. समोरून येणाऱ्या मोटारवाल्याला तो अरेरावी करतोय असे वाटते. खरे तर तो मागच्या चाकांसाठी जागा करत असतो.

रस्त्याचे मोजमापही या हिशेबाने ठरू लागले. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. या संस्थेच्या डोंगरी रस्त्यांच्या नियमावलीत अशा उलट वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर सांगितली आहे. वाहनांच्या बाजूने १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रुंदीला २.६ मीटरची मर्यादा घातली आणि लांबीचेही आकडे ठरवून दिले. त्यापेक्षा मोठ्या मालाला वेगळी परवानगी काढावी लागते. धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची पाती अशाच लांब ट्रेलरवरून येतात. अशा खास ट्रेलरच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सुकाणू असते आणि ते चालवणारा माणूस बहुधा मागून चालत असतो. सागाच्या सोटामागे दोर धरून चालणाऱ्याचा हा वारसदारच.

मोठ्या मालाला किती माणसे लागतात याचे अलीकडचे उदाहरण सर्वांच्या वाचनात आले असेल. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी ७० टन वजनाचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघाले आणि जुलै २०२० मध्ये पोहोचले. त्या एका वाहनाबरोबर ३२ माणसांचे पथक होते. बातम्यांनी त्या ट्रकच्या चाकांची संख्या आवर्जून छापली, पण माझ्या मते लक्षात ठेवण्यासारखा आकडा ३२ हाच आहे.

रोजच्या ट्रेलरवर मात्र ही ३२ माणसे एकाच माणसात सामावतात. तो म्हणजे क्लीनर, बोलीतला ‘किन्नर’. वळणावर ट्रेलर दुमडला की चालकाच्या एका आरशात फक्त स्वतःच्याच गाडीची बाजू दिसते, तर दुसऱ्यात रस्ता सोडून भलतेच काही. गाडी मागे घेताना तर सुकाणू डावीकडे फिरवले की ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते. अशा वेळी खाली उतरलेला क्लीनर हाच चालकाचा डोळा असतो. पत्र्यावर पडणारी थाप, ‘येऊ दे, येऊ दे’ हा पुकारा आणि शेवटचा ‘बास’, एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो. गाडी आणि दरड यांच्यामध्ये, किंवा गाडी आणि दरी यांच्यामध्ये, उभा राहणाराही तोच.

कायद्याने त्याला कसे पाहिले? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामगाराच्या व्याख्येत क्लीनरचे नाव घातले. त्यामुळे तो कामगार ठरला. पण परवाना आणि परीक्षा हा सगळा विचार चालकापुरताच राहिला. मागे उभे राहून वाहन वळवून देणे हे कौशल्य आहे, असे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. जुन्या चालकांपैकी कितीतरी जण याच कामातून शिकून सुकाणूपर्यंत पोहोचले. त्यांची खरी शाळा गाडीच्या मागे होती.

आता कितीतरी ट्रेलरवर चालक एकटाच असतो. मागे कॅमेरा बसतो. कॅमेरा दाखवतो हे खरे, पण तो समोरची वाहतूक थोपवत नाही, चाकाखाली दगड लावत नाही आणि रस्त्याची पावसाने भिजलेली कड पायाने दाबूनही पाहत नाही. क्लीनर गेला की पगार वाचतो. पण त्याबरोबर तयार चालक घडवणारी परंपराही आटते आणि तिचा फटका घाटात बसतो. ट्रेलर वळणात अडकला की पेठची एसटी अडते आणि नाशिकच्या दवाखान्याकडे निघालेला रुग्णही.

या माणसांचे कागद मिळणार नाहीत, कारण ते कोणी केलेच नाहीत. उरली आहे ती त्यांची आठवण. सोट वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या मागे चाललेले, पहिल्या ट्रेलरवर क्लीनर म्हणून राबलेले लोक करंजाळी, पेठ आणि हरसूलच्या गावांत अजून भेटतात. कोणत्या वळणावर कुठे उभे राहायचे, कोणती कड पावसाळ्यात दगा देते, हे त्यांना तोंडपाठ आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात वा शेजारी असा माणूस असेल, त्यांनी एक वही घेऊन त्याच्यापाशी बसावे आणि तो सांगेल ते वळणागणिक उतरवून घ्यावे. पेठच्या रस्त्याच्या इतिहासातले रिकामे पान तेवढ्यानेही भरू लागेल.