चुंबकाची साक्ष

लघवीचा त्रास सांगायला साठीचा गडी लाजतो, हे आम्ही नगरच्या कामगारांत पाहत आलो आहोत. बहुधा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते, क्वचित कर्करोग. हा भेद सुई न टोचता कळावा म्हणून विज्ञान फार झटले.

१९४६ साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद टिपला. ब्लॉख यांच्याजवळ काम केलेल्या धर्मट्टींनी ती विद्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजवली. १९९० नंतर तिच्याच आधारे ग्रंथीतील रसायने मोजली जाऊ लागली: कर्करोगात सायट्रेट घटते, कोलीन वाढते. तथापि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गुण देताना ही मोजणी धरली नाही. एमआरआयची इतर चित्रे पुढे गेली. अखेरचा निवाडा आजही तुकडा तपासूनच होतो.

मंडळी, यंत्रे बदलतील. पण झाकून ठेवलेले दुखणे कोणते यंत्र पाहणार?