राजगिरा : एका नावाची साक्ष

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात आहेत. परंतु तेथील पुष्कळ घरांची भाषा मराठी आहे. त्यामुळे एकाच वनस्पतीला तेथे दोन नावे भेटतात. घरातील राजगिरा हिंदीत रामदाना होतो आणि माठ-तांदुळजाच्या पाल्याला चौलाई म्हणतात. इंग्रजीने दिलेले तिसरे नाव म्हणजे ‘अमरँथ’. त्यात ‘अमर’ ऐकू येताच हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला, असा निकाल कित्येक जण देऊन मोकळे होतात. परंतु चेहरा मिळतो एवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही. शब्दांच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे.

मूळ शब्द ग्रीक आहे. ‘अमारान्तोस’ म्हणजे न कोमेजणारे. त्यातील नकारार्थी ‘अ’ आणि आपल्या ‘अमर’मधील ‘अ’ एकाच प्राचीन कुळातले, हे निर्विवाद होय. पुढील धातूचा अर्थ मात्र कोमेजणे, क्षीण होणे असा आहे. आपल्या ‘मृ’ धातूशी त्याचे नाते पंडितांत वादग्रस्त आहे. अखेरचा ‘थ’ तर, फूल या अर्थाच्या ‘आन्थोस’ शब्दाशी गल्लत होऊन चिकटला. लिनियसने १७५३ साली तेच रूप शास्त्रीय नावात कायम केले. तुरा वाळला तरी त्याचा रंग टिकतो, म्हणून हे नाव त्या झाडास शोभते.

झाडाचा इतिहासही असाच दुपेडी आहे. पालेभाजी आपली जुनी. आयुर्वेदातील ‘तण्डुलीय’ म्हणजेच आपला तांदुळजा. दाण्याचा राजगिरा मात्र मूळचा मेक्सिकोचा. तेथील आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत. १५२१ मध्ये स्पॅनिश सत्ता आल्यावर ही पूजा पाखंड ठरली आणि पिकासही उतरती कळा लागली. तेथे धर्माच्या नावाने ज्याला दूर लोटले, ते आपल्याकडे एकादशीच्या फराळाला आले. कारण गहू-ज्वारीप्रमाणे ते तृणधान्य नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्णाही. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा कायद्याने ठरतात. भाजीला काय म्हणावे हे मात्र स्वयंपाकघरात ठरते. गोव्याच्या कोंकणी घरात लाल माठाला ‘तांबडी भाजी’ म्हणतात, तेही याच न्यायाने.

शाळा आणि कचेरी यांची भाषा हिंदी असताना घरातील अशी नावे हळूहळू मागे पडतात. त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. सौंसरच्या आजीला ठाऊक असलेली भाज्यांची नावे नातवाने तिच्याकडून विचारून लिहून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला तर्काऐवजी पुरावा मिळेल.