मद्यपान करून वाहन चालवणे : आरोप आणि बचावाचे हक्क

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली येणारा गुन्हा. बोलीत ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल निघाले की गुन्हा घडला. गाडी सरळ चालली होती का, हा प्रश्न उरत नाही. चालवण्याचा नुसता प्रयत्नही पुरतो. अमली पदार्थांना मात्र असा आकडा नाही. तेथे वाहनावर ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता, हे दाखवावे लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेट-सिग्नलच्या चलानासारखे हे प्रकरण तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. परवाना जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातो. गुन्हा जामीनपात्र आहे.

नाकाबंदीत वाजवी संशय आल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासचाचणी द्यायला सांगू शकतो (कलम २०३). ‘फुंकूच नकोस, म्हणजे पुरावा राहणार नाही’ हा मित्रमंडळींत फिरणारा सल्ला घातक आहे. नकार दिल्यास विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि सबळ कारण नसेल तर तो नकार कलम २०५ नुसार आरोपीच्याच विरुद्ध वापरता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतील हक्क (अनुच्छेद २०(३)) येथे कामी येत नाही. काठी कालू ओघड खटल्यात (१९६१) बोटांचे ठसे, हस्ताक्षर देणे म्हणजे ‘साक्ष’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. रक्ताच्या नमुन्यालाही तेच तर्कशास्त्र लागू पडते.

बचाव उभा राहतो तो प्रक्रियेवर. अटकेचे कारण कळणे, पसंतीचा वकील आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे हे हक्क अनुच्छेद २२ देतो. कलम २०२ मधील तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते : अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला सोडावे लागते. ही सुटका कोठडीतून, खटल्यातून नव्हे. महिलेच्या रक्ताचा नमुना महिला डॉक्टरने किंवा महिलेच्या उपस्थितीत घ्यायचा असतो.

खरी लढाई आकडा कसा मिळाला यावर होते. यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले? रक्त किती काढले, बाटली कोणी सील केली, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कुठे होती? तोंडाला वास, अडखळती जीभ, झोकांड्या एवढ्यावरून नशा निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे बच्चूभाई करयानी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सलमान खान याच्या २००२ मधील वांद्रे येथील अपघाताच्या खटल्यात रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही बोट ठेवले गेले. गाडी तोच चालवत होता आणि मद्याच्या अमलाखाली होता, हे निःसंशय सिद्ध झाले नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याला निर्दोष सोडले. पुण्याच्या कल्याणीनगरातील मे २०२४ च्या अपघातात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. बाटलीच्या प्रवासाची नोंद आरोपीइतकीच मृतांच्या कुटुंबीयांनाही हवी असते, ती यासाठी.

मृत्यू घडल्यास कलम १८५ दुय्यम ठरते. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात जणांचा जीव घेणाऱ्या अॅलिस्टर परेरा याची सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. त्याच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.११२ टक्के होते. आजच्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम १०५ मध्ये येतो.

विम्याचा दावा मात्र वेगळ्या मापाने तोलला जातो. पर्ल बेव्हरेजेस प्रकरणी (२०२१) श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसतानाही, इतर परिस्थितीवरून चालक मद्याच्या अमलाखाली होता असे मानून, सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचा नकार ग्राह्य धरला.