लेण्यांच्या नादी लागलेला चितारी

लोणीहून मंचर, पुढे घोड नदी ओलांडून नारायणगाव आणि तिथून जुन्नर, हा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. कोणी बाजाराला जातो, कोणी लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या दर्शनाला. डोंगराच्या कड्यात कोरलेली लेणी दोघांनाही दिसतात. ती कोणी कोरली, असे विचारले तर जुनी माणसे सांगतात, पांडवांनी एका रात्रीत. दर्शन आटोपले की आपण पायऱ्या उतरून खाली येतो. घटकाभर बसून एखादा खांब न्याहाळावा, त्याचे चित्र काढावे, असे आपल्या मनात सहसा येत नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक परदेशी चितारी अशाच लेण्यांच्या नादी लागला, आणि त्या नादातच त्याचा शेवट झाला. त्याचे नाव जेम्स वेल्स. आज त्याची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. आणि त्याच्याबरोबर आपल्या पुण्याच्या एका चिताऱ्याचीही.

वेल्स हा स्कॉटलंडचा. समुद्रकाठच्या पीटरहेड गावी १७४७ मध्ये त्याचा जन्म झाला. चित्रकला तो बहुतेक स्वतःच्या मेहनतीने शिकला. लंडनच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली, पण तिथे चिताऱ्यांची दाटी फार. हिंदुस्थानात राजेरजवाडे आणि कंपनीचे साहेब आपली तसबीर काढून घेण्यासाठी चांगला पैसा मोजतात, अशी बातमी तिकडे पोचलेली होती. कंपनीची परवानगी काढून वेल्स १७९१ मध्ये मुंबईस उतरला. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या हातात आता अवघी चार वर्षे उरली होती.

पुण्याला त्या वेळी इंग्रजांचा वकील होता चार्लस मॅलेट. पेशव्यांच्या दप्तरात ज्याला 'मालिट' म्हणतात, तो हाच. त्याच्या ओळखीने वेल्सला पेशवे दरबारात प्रवेश मिळाला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवरावांचे चित्र काढले. गादीवर अठरा वर्षांचा पेशवा आणि त्याच्याजवळ नाना फडणीस. हे चित्र पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेले. इतिहासाच्या पुस्तकांत नाना फडणिसांचा तो उभट, विचारी चेहरा तुम्ही पाहता ना, त्यासारख्या चेहऱ्यांची ओळख आपल्याला अशा चित्रांवरूनच झाली. त्याच साली पुण्यास आलेल्या महादजी शिंद्यांचीही तसबीर वेल्सने केली.

हा झाला पोटाचा उद्योग. मनाचा ओढा मात्र निराळा होता. युरोपात त्या काळी लोकांच्या आवडीला नवे वळण लागत होते. पूर्वी डोंगर, झाडे ही चित्रातल्या माणसामागचा पडदा म्हणून येत. आता डोंगर, धबधबे, वादळे, पडकी देवळे हाच चित्राचा विषय होऊ लागला. निसर्गापुढे माणूस किती लहान, आणि तरी त्याच्या मनाची झेप किती मोठी, हे त्या चित्रांतून दाखवायचे असे. या वृत्तीला रोमँटिक म्हणतात. आपण अद्भुतरम्य म्हणू. या वाटेच्या कित्येकांना आयुष्य फार थोडे लाभले. इंग्लंडातला टॉमस गर्टिन १८०२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, बॉनिंग्टन १८२८ मध्ये पंचविसाव्या वर्षी. वेल्स त्यांच्या आधीच्या पिढीचा, या वळणाच्या सुरुवातीचा. मुंबईस येताच त्याने मलबार टेकडी, शीवचा किल्ला, बंदर असे बेटाचे देखावे काढायला घेतले.

मग त्याने लेणी पाहिली आणि देखावेही मागे पडले. १७९३ मध्ये टॉमस आणि विल्यम डॅनियल हे प्रसिद्ध चितारी काका-पुतणे मुंबईस आले. त्यांच्याबरोबरही तो लेणी पाहत हिंडला. घारापुरी, कार्ले, कान्हेरी आणि शेवटी वेरूळ.

लेण्याचे चित्र काढणे किती कठीण, हे जरा ध्यानात घ्या. कॅमेरा निघायला अजून चाळीस-पन्नास वर्षे होती. आत अंधार. उन्हाची तिरीप आत येते ती घटका-दोन घटका, तेवढ्यात सावल्यांची जागा धरायची. खांबांची उंची आणि रुंदी दोरी लावून मोजायची. वटवाघळांची घाण, साचलेले पाणी, डास. वर रानातल्या जनावरांची भीती. आणि त्या काळी वेरूळला जायचे म्हणजे तंबू, बैल, शिपाई असा सगळा लवाजमा घेऊन.

१७९५ मध्ये वेल्सने वेरूळची रेखाटने केली आणि मग तो साष्टी बेटावरच्या लेण्यांकडे वळला. ठाण्याच्या बाजूला जंगलात कान्हेरीचा डोंगर आहे. आपल्या जुन्नरशी त्याचे जुने नाते आहे. कल्याण बंदरातून निघालेला व्यापारी नाणेघाट चढला की जुन्नरास येई, आणि त्या कल्याणच्या दानशूरांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. या साष्टीच्या लेण्यांची चित्रे काढता काढताच वेल्स तापाने आजारी पडला आणि १७९५ च्या अखेरीस ठाण्यास वारला. वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, ज्याचे चित्र त्याने काढले तो सवाई माधवरावही एकविसाव्या वर्षी गेला. काढणारा आणि ज्याचे काढले तो, दोघेही एकाच वर्षी गेले.

चितारी गेला म्हणजे अर्धवट कागदांचे बाड उरते. पाऊस आणि वाळवी यांना ते संपवायला किती वेळ लागतो? पण वेल्सचे कागद वाचले, कारण ते सांभाळणारी माणसे निघाली. मॅलेटने ते विलायतेस नेले. वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी त्याने १७९९ मध्ये लग्न केले. मुंबईचे बारा देखावे १८०० मध्ये छापून निघाले. टॉमस डॅनियलने मित्राच्या रेखाटनांवरून वेरूळची २४ चित्रे तयार करविली, ती १८०३ मध्ये निघाली. वेल्सच्याच टिपणांवरून त्याने १७९० च्या तहाच्या दरबाराचे भव्य चित्र रंगवले. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. तो दरबार कसा भरत असे, हे आज पाहायचे तर लंडनच्या टेट संग्रहातले ते चित्र पाहावे लागते.

आता दुसऱ्या चिताऱ्याकडे येऊ. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट, राहणार पुणे. मॅलेटसाठी आणि वेल्ससाठी त्याने काम केले. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र त्याने १७९० मध्ये काढले, म्हणजे वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वी. तेव्हा साहेबाने याला ब्रश धरायला शिकवले, असे कोणी म्हणू नये. मॅलेटने वेरुळाविषयी लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात १७९९ मध्ये आला, त्यासाठी चित्रे गंगारामची होती. एका चित्रात तर तो स्वतःच आपल्या वेरुळच्या गुरूबरोबर दिसतो.

त्या काळी चित्र छापायचे म्हणजे ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लाने रेषा खाऊ द्यायच्या, शाई भरायची आणि कागद दाबायचा. तांबट आडनावाच्या माणसाचे चित्र असे तांब्यावरून जगभर गेले, पण त्याचे नाव घरीच विसरले गेले. वेल्सचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले गेले होते, म्हणून टिकले. गंगारामची चित्रे मॅलेटच्या कागदांबरोबर सातासमुद्रापार गेली. आज त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिथे २०११ मध्ये प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे पुन्हा त्याचा बोलबाला झाला. पुण्याच्या तांबट आळीतून जाणाऱ्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल?

शिक्षक बंधुभगिनींनो, दगडात कोरलेले अक्षय राहते, हा आपला गोड समज आहे. पावसाने खांब झिजतात, हौशी लोक कोळशाने आणि खिळ्याने भिंतीवर आपली नावे कोरतात. लेणे टिकते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यामुळे, काढणाऱ्याच्या हातामुळे आणि ते कागद जपणाऱ्यांमुळे. वेल्सच्या थोड्या आयुष्यातून घ्यायचा धडा हाच.

म्हणून एक करा. पुढल्या वेळी मुलांची सहल लेण्याद्रीला किंवा मानमोडीला न्याल, तेव्हा डब्याबरोबर कागद, पेन्सिल आणि सुतळी घ्या. एकेका मुलाला एकेक खांब वाटून द्या. सुतळीने मोजू द्या, बसून काढू द्या. चित्र वाकडे आले तरी चालेल. ते शाळेच्या कपाटात जपून ठेवा. आणि ज्याला आपले नाव लिहायचेच असेल, त्याने ते आपल्या चित्राखाली तारखेसह लिहावे, दगडावर नव्हे.