राजनयाचा विकास

स्वतंत्र राज्यांमधील संबंध अधिकृत प्रतिनिधींमार्फत, वाटाघाटींच्या मार्गाने चालविण्याच्या पद्धतीस राजनय असे म्हणतात. व्यवहारात त्यालाच मुत्सद्देगिरी हा शब्द रूढ आहे. काय साधावयाचे हे परराष्ट्र धोरण ठरविते. ते युद्धावाचून कसे साधावे, हा राजनयाचा विषय होय. प्रासंगिक दूतापासून कायम वकिलातीपर्यंत आणि गुप्त करारांपासून नोंदणीकृत करारांपर्यंत त्याचा प्रवास झाला आहे.

प्राचीन दूतप्रथा

प्राचीन काळी दूत विशिष्ट कामापुरता पाठविला जाई व काम होताच परत येई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाटाघाटींचे पूर्ण अधिकार असलेला निसृष्टार्थ, ठरावीक मर्यादेत बोलणारा परिमितार्थ आणि केवळ संदेश पोहोचविणारा शासनहर. दूत स्वतःचे नव्हे, तर धन्याचे बोलणे बोलतो. म्हणून त्याचे शब्द कितीही कटू असले, तरी तो अवध्य मानला जाई. हे तत्त्व आजही राजनयाचा पाया आहे.

निवासी दूत

परराज्यात कायम राहणारा दूत ही प्रथा पंधराव्या शतकात व्हेनिस, मिलान, फ्लॉरेन्स आदी इटालियन राज्यांत दृढ झाली. शेजारी राज्याच्या हालचालींची सतत माहिती मिळविणे, हे या दूतांचे मुख्य काम होते. पुढे ही प्रथा युरोपभर पसरली. १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहानंतर सार्वभौम राज्यांची समानता हे तत्त्व हळूहळू रुजत गेले.

मराठी राज्यातील वकील

मराठी राज्यात या कामासाठी वकील नेमले जात. दिल्लीत हिंगणे घराण्याने, तर निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे यांनी पेशव्यांची वकिली केली. वकिलांनी पाठविलेली पत्रे ही मराठ्यांच्या इतिहासाची महत्त्वाची साधने आहेत. इंग्रज कंपनीचा हेन्री ऑक्झेंडेन १६७४ मध्ये रायगडावर आला, तो तहाच्या कामापुरता. चार्ल्स मॅलेट मात्र १७८६ मध्ये पुण्यात रेसिडेंट म्हणून कायम राहावयास आला. १८०२ च्या वसईच्या तहाने कंपनीच्या सल्ल्यावाचून इतर सत्तांशी वाटाघाटी न करण्याचे बंधन दुसऱ्या बाजीरावाने मान्य केले. पेशवाई १८१८ मध्ये संपली. परंतु स्वतंत्रपणे बोलणी करण्याचा अधिकार तिने सोळा वर्षे आधीच गमावला होता. राजनय हे सार्वभौमत्वाचे लक्षण का मानतात, ते या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मानपानाकडून नियमाकडे

पूर्वी दूताचा मान म्हणजे राजाचा मान, अशी समजूत होती. १६६१ मध्ये लंडन येथे स्वीडनच्या दूताच्या स्वागतप्रसंगी कोणाची गाडी पुढे असावी, यावरून फ्रेंच व स्पॅनिश दूतांच्या माणसांत रक्तपात झाला. अशा तंट्यांवर १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने उपाय योजला. दूतांच्या श्रेणी ठरविण्यात आल्या आणि एकाच श्रेणीतील दूतांचा क्रम राज्याच्या बळावर नव्हे, तर त्यांच्या आगमनाच्या अधिकृत सूचनेच्या दिनांकावरून लावावा, असे ठरले.

गुप्ततेकडून प्रकटतेकडे

पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी परक्या प्रदेशांच्या वाटणीचे गुप्त करार केले होते. १९१७ मध्ये रशियातील बोल्शेव्हिक सरकारने ते प्रसिद्ध केले. जानेवारी १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपल्या चौदा मुद्द्यांत उघड राजनयाला पहिले स्थान दिले. पुढे राष्ट्रसंघाच्या आणि १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने करारांची नोंदणी आवश्यक केली. तथापि वाटाघाटी मात्र बहुधा बंद दाराआडच चालतात. प्रत्येक शब्द जाहीर झाला, तर कोणत्याही पक्षास माघार घेणे अवघड होते. म्हणून करार उघड व बोलणी खाजगी, अशी विभागणी व्यवहारात आढळते.

आधुनिक स्वरूप

१९६१ च्या व्हिएन्ना करारात राजनैतिक संबंधांचे नियम संहिताबद्ध झाले. त्यानुसार दूताला अटक करता येत नाही व वकिलातीत परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. नको असलेल्या दूताला परत बोलावण्यास सांगणे, हा यजमान देशाचा अधिकार आहे. १९७९ मध्ये तेहरान येथील अमेरिकी वकिलातीवर कबजा करण्यात आला आणि ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० मध्ये या प्रकरणी इराणला जबाबदार धरले.

तारायंत्र, दूरध्वनी व विमानप्रवास यांमुळे राष्ट्रप्रमुख थेट बोलू लागले आणि दूताचे स्वातंत्र्य संकुचित झाले. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संदेशवहनाची सोय करण्यात आली. व्यापार, हवामान, आरोग्य असे विषय आता बहुपक्षीय परिषदांत हाताळले जातात. तरीही परक्या देशात राहून तेथील परिस्थिती जाणणारा आणि संबंध बिघडले असताही संवाद चालू ठेवणारा प्रतिनिधी अनावश्यक ठरलेला नाही. साधने बदलली असली, तरी संदेश आणणाऱ्यास अभय, ही जुनी अट कायम आहे.