युद्ध कोणत्या महिन्यात संपले? : 'द इंग्लिश पेशंट'ची कादंबरी आणि चित्रपट

कादंबरीवरून बेतलेल्या चित्रपटाची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक राहिला की नाही? हा प्रश्न आम्हांला फारसा फलदायी वाटत नाही. कादंबरीचा विस्तार पावणेतीन तासांत बसवायचा तर काही गाळावे लागणारच. जे गाळले त्यामुळे उरलेल्या गोष्टीचा अर्थ कसा बदलला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मायकेल ओंडात्जे यांची 'द इंग्लिश पेशंट' ही १९९२ची कादंबरी आणि अँथनी मिंगेला यांनी १९९६ साली तिच्यावरून केलेला चित्रपट यांचा विचार आम्ही या दृष्टीने करू इच्छितो.

दोन्ही कृती मान्यता पावलेल्या आहेत. कादंबरीला १९९२चे बुकर पारितोषिक (बॅरी अन्स्वर्थ यांच्या 'सेक्रेड हंगर'बरोबर विभागून) मिळाले आणि २०१८ साली 'गोल्डन मॅन बुकर'ही मिळाले. चित्रपटाला नऊ ऑस्कर मिळाली. कथेची चौकट दोहोंत सारखीच आहे. १९४५ साल, इटलीतील फ्लॉरेन्सजवळची एक उद्ध्वस्त वास्तू. तिथे ओळखू न येण्याइतका भाजलेला एक रुग्ण, त्याची शुश्रूषा करणारी कॅनडाची परिचारिका हॅना, जर्मनांच्या छळात दोन्ही अंगठे गमावलेला कॅरावाजिओ आणि बॉम्ब निकामी करणारा शीख सॅपर किरपालसिंग ऊर्फ किप ही चार माणसे एकत्र येतात. रुग्णाच्या स्मृतीतून लिबियाचे वाळवंट आणि कॅथरिन क्लिफ्टनवरचे त्याचे प्रेम उलगडत जाते.

कादंबरीत ही चारही माणसे जवळजवळ समान तोलाची आहेत. चित्रपटाने वाळवंटातील प्रेमकथा मध्यभागी आणली आणि बाकीच्यांना तिच्या कडेला बसवले. हा बदल केवळ प्रमाणाचा असता तर त्याबद्दल फारसे लिहिण्याची गरज नव्हती. परंतु मध्य बदलला की घटनांची कारणेही बदलतात. मॅडॉक्स या संशोधकाचा मृत्यू त्याचे उत्तम उदाहरण आहे. कादंबरीत तो १९३९ साली इंग्लंडला परततो आणि चर्चमध्ये युद्धाची भलामण करणारे प्रवचन ऐकताना स्वतःवर गोळी झाडतो. राष्ट्राच्या नावाने माणसे कशी बदलतात, हे त्याला सहन होत नाही. चित्रपटातला मॅडॉक्सही स्वतःला संपवतो, पण मित्र आल्माशी याने शत्रूला मदत केल्याचे समजल्यामुळे. राष्ट्रवादाने घेतलेला बळी चित्रपटात विश्वासघाताचा बळी होतो.

आल्माशीच्या फितुरीचेही तसेच आहे. चित्रपटात तो जर्मनांना नकाशे देतो ते विमानासाठी पेट्रोल मिळावे आणि गुहेत जखमी अवस्थेत पडलेल्या कॅथरिनकडे परतता यावे म्हणून. प्रेक्षक त्याला सहज क्षमा करतो. कादंबरीत हा हिशेब इतका सरळ नाही. तिथे त्याने एका जर्मन हेराला वाळवंटातून वाट दाखवली आहे आणि त्याचे समर्थन शेवटपर्यंत धूसरच राहते. इतिहासातला लास्झ्लो आल्माशी तर या दोघांहूनही वेगळा. तो हंगेरियन वाळवंट-संशोधक. मे १९४२मध्ये त्याने 'ऑपरेशन सलाम' या मोहिमेत दोन जर्मन हेरांना वाळवंट पार करवून इजिप्तमध्ये पोहोचवले. तो भाजून मेला नाही. १९५१ साली साल्झबुर्ग येथे आजाराने त्याचे निधन झाले.

मात्र सर्वांत दूरगामी बदल किपच्या कथेत झाला आहे. कादंबरीतला किप लाहोरच्या परिसरातून आलेला आहे. घराण्याच्या रीतीप्रमाणे थोरल्याने सैन्यात जायचे आणि धाकट्याने डॉक्टर व्हायचे. पण थोरला भाऊ इंग्रजांची चाकरी नाकारतो आणि तुरुंगात जातो. त्याच्या जागी धाकटा सैन्यात भरती होतो. इंग्लंडमध्ये लॉर्ड सफक या विक्षिप्त, प्रेमळ उमरावाकडे तो बॉम्ब निकामी करण्याची विद्या शिकतो. (हे पात्र ऐतिहासिक आहे. सफकचे विसावे अर्ल चार्ल्स हॉवर्ड मे १९४१मध्ये एरिथ येथे बॉम्बच्या स्फोटात ठार झाले.) 'किप' हे नावही इंग्रजांनीच थट्टेत दिलेले. अहवालावर लोण्याचा डाग पाहून कोणा अधिकाऱ्याने 'किपर' माशाचा विनोद केला आणि नाव चिकटले. भावाचा नकार आणि गुरूचे प्रेम या दोहोंच्या ताणात हा माणूस घडला आहे. लॉर्ड सफकच्या पर्वाला चित्रपटात जागाच मिळालेली नाही.

ऑगस्ट १९४५मध्ये किप कानाला लावलेल्या रेडिओवर हिरोशिमाची बातमी ऐकतो. तो बंदूक घेऊन रुग्णाच्या खोलीत शिरतो. ज्याला तो इंग्रज समजतो, त्याच्यावर नेम धरतो. असा बॉम्ब गोऱ्या राष्ट्रावर कधीच टाकला गेला नसता, हे इथे कॅरावाजिओलाही मनोमन पटते. किप गोळी झाडत नाही. तो गणवेशाच्या खुणा उतरवतो, पुन्हा किरपालसिंग होतो आणि मोटारसायकलवरून दक्षिणेकडे, सैन्य ज्या वाटेने वर आले तिच्या उलट दिशेने, निघून जातो. पुढे तो भारतात डॉक्टर झालेला दिसतो.

चित्रपटात हिरोशिमा नाही. तिथे जर्मनीच्या शरणागतीचा जल्लोष चालू असताना किपचा सहकारी हार्डी सुरुंगाच्या स्फोटात मरतो. किप शोकाने कोसळतो आणि नंतर दुसरीकडे बदली झाल्यामुळे निघून जातो. इटलीतील युद्ध २ मे १९४५ रोजी आणि युरोपातील ८ मे रोजी थांबले. हिरोशिमा ६ ऑगस्टचे, नागासाकी ९ ऑगस्टचे. म्हणजे चित्रपटाचे युद्ध मे महिन्यात संपते, कादंबरीचे ऑगस्टमध्ये. या तीन महिन्यांच्या अंतरात कादंबरीचा सारा राजकीय आशय साठवलेला आहे. मे महिन्यात हे युद्ध मुक्तीचे वाटते. ऑगस्टमध्ये आशियातील एक सैनिक विचारतो की आपण कोणासाठी सुरुंग काढत होतो?

या शेवटावर आक्षेप आहेत. हिरोशिमा कथेत अकस्मात येते, असे काही समीक्षकांनी म्हटले आहे. अणुबॉम्बचा अमेरिकी प्रकल्प प्रारंभी जर्मनीच्या धास्तीने हाती घेतला गेला आणि १६ जुलै १९४५च्या पहिल्या चाचणीपूर्वीच जर्मनी शरण आला होता, हेही विसरता येत नाही. तेव्हा किपचा निष्कर्ष इतिहासाचे विधान म्हणून वादग्रस्त आहे. पण तो वसाहतीतल्या सैनिकाचा अनुभव म्हणून येतो, आणि तुरुंगातल्या भावामुळे त्याची तयारी कादंबरीभर झालेली आहे.

मिंगेला यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे. किपलिंगच्या 'किम'चे वाचन चालू असताना चित्रपटातला किप लाहोरच्या तोफेबद्दल बोलतो. घराघरांतून कर म्हणून गोळा केलेल्या भांड्यांच्या धातूतून ती ओतली गेली आणि पुढे आमच्याच लोकांवर डागली गेली, असे तो सुनावतो. दिग्दर्शकाला हा प्रश्न दिसत होता. त्याने तो एका संवादापुरता ठेवला, कथेच्या शेवटाचा भार त्यावर टाकला नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. इटलीच्या या मोहिमेत हिंदी सेनेच्या तीन डिव्हिजन लढत होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि युद्धाच्या सावलीतल्या प्रेमाला वंश व राष्ट्र यांच्या संदर्भातून वेगळे काढता येत नाही, हे विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने १९३९ सालीच आपल्याला दाखवले होते.

म्हणून या दोन कृती वर्गात शेजारी ठेवून शिकवाव्यात, असे आम्हांला वाटते. 'कोणती श्रेष्ठ' या प्रश्नाने चर्चा लवकर आटोपते. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की या कथेत युद्ध केव्हा संपते, आणि ते कोणाच्या दृष्टीने संपते?