गच्चीवरचा शरद : कोल्हापुरातील सामाईक घरांच्या इतिहासातील एक प्रकरण

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे पावसाळ्यानंतरचे दोन महिने. कोल्हापूरच्या घरगुती आणि सार्वजनिक जीवनात या दोन महिन्यांना जे स्थान आहे, ते समजून घ्यायचे तर त्यापूर्वीचे चार महिने आधी ध्यानात घ्यावे लागतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसलेल्या या शहरात वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला गगनबावड्याकडे त्याच्या कितीतरी पट. तिकडचे पाणी पंचगंगेत उतरले, की शहराच्या सखल भागांवर पुराची टांगती तलवार असते. १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर शहराच्या स्मरणात पक्के बसलेले आहेत. दाराआड काढलेल्या या काळानंतर हस्ताचा पाऊस ओसरतो, आभाळ निवळते आणि नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, त्रिपुरी पौर्णिमा अशी सणांची रांग लागते. हे बहुतेक सण छताखाली पुरे होत नाहीत, त्यांना मोकळे आभाळ लागते. आणि कोल्हापुरातील माणसाने हे आभाळ घराच्या कोणत्या भागातून मिळवले, याचा इतिहास हा या शहराच्या घरबांधणीच्या इतिहासाशी जवळून जोडलेला आहे.

आज कोजागिरी म्हटली की गच्चीवरचे दूध डोळ्यांपुढे येते, आणि ही रीत फार जुनी असावी असे सहज वाटते. परंतु कोल्हापूरच्या सामान्य घराला पूर्वी गच्चीच नव्हती. सोलापूरकडच्या कमी पावसाच्या मुलखात माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर माती चोपून केलेल्या सपाट छताची, घरे होती आणि तेथील माणसे उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर निजत. कोल्हापुरात असे छत एका पावसाळ्यातच गळू लागले असते, म्हणून येथे उतरते छप्पर, त्यावर आधी खापरी कौले आणि पुढे मंगलोरी कौले, हाच शहाणपणाचा मार्ग होता. एखाद्या मातब्बर वाड्याला आगाशी, म्हणजे वरच्या मजल्यावरची उघडी जागा, असेलही. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ यांतील साध्या घरातल्या माणसाचे छप्पर हे चढून बसण्याचे ठिकाण नव्हते. त्याचे आभाळ जमिनीवरच होते.

ते आभाळ त्याला तीन ठिकाणी मिळे. घराच्या पुढच्या बाजूला सोपा, म्हणजे खांबांवर तोललेली अर्धी उघडी बैठकीची जागा, आणि त्यापुढे रस्त्याला लागून कट्टा. मोठ्या घरांत मधोमध चौक, ज्याच्या चारी बाजूंनी खोल्या असत. आणि मागे परडे, म्हणजे विहीर किंवा आड, चूल पेटवून पाणी तापवायची जागा, दोन-चार फुलझाडे आणि बहुधा एखादी म्हैस यांनी भरलेले मागचे आवार. शरदातील प्रत्येक विधीची जागा या तिहींपैकी एकीत ठरलेली होती. दिवाळीचे अभ्यंगस्नान परड्यातल्या चुलीवर तापलेल्या पाण्याने होई, आकाशकंदील सोप्याच्या आढ्याला लागे, आणि मुलांचा मातीचा किल्ला कट्ट्याच्या कोपऱ्यात उभा राहून त्यावर पेरलेली मोहरी आणि अळीव चार-पाच दिवसांत हिरवे होत.

चौकाचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र हादग्याला होई. सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून, सोळा दिवस मुलींनी फेर धरून खेळायचा हा खेळ पुण्याकडे भोंडला म्हणून आणि विदर्भात भुलाबाईच्या रूपाने ओळखला जातो. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात त्याला हादगाच म्हणतात. भिंतीवर किंवा पाटावर हत्ती काढावा, त्याला फळांची आणि धान्याची माळ घालावी, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणावीत, दररोज एक गाणे वाढवत न्यावे आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखायला लावावी, असा त्याचा क्रम. खिरापत घरोघर वेगळी, आणि मुलीही आज या घरी तर उद्या त्या घरी. त्यामुळे एका वाड्यातील किंवा गल्लीतील सगळी बिऱ्हाडे सोळा दिवसांत एकमेकांच्या चौकात जाऊन येत. खेळाला जागा खासगी लागे, पण ती सर्वांना खुली असावी लागे. ही अट पुढच्या सर्व विवेचनात महत्त्वाची आहे.

कोजागिरीचे दूधही मुळात जमिनीवरच प्यायले जाई. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत, म्हणजे ऋतूनुसार आहारविहाराच्या नियमांत, शरदात पित्त वाढते असे मानले असून चरकसंहितेने या ऋतूत रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदणे अंगावर घ्यावे असे सांगितले आहे. ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेल्या कोल्हापूरकराला हा सल्ला पटायला ग्रंथाची गरज नव्हती. रंकाळ्याचा काठ, पंचगंगेचा घाट, वाड्याचा चौक, गल्लीतील तालमीपुढची मोकळी जागा ही त्याची चांदण्याची ठिकाणे होती. दूध तर शहरातच होते; गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढून तिथल्या तिथे धारोष्ण दूध देण्याची कट्ट्यांची रीत आजही टिकून आहे, आणि अशा गावात केशर, जायफळ, चारोळी घालून दूध आटवणे हा काही परका सोहळा नव्हता.

या जुन्या रचनेला पहिला धक्का शहराच्या विस्ताराने दिला. १८९१ साली मिरजेहून लोहमार्ग कोल्हापुरास आला आणि १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, जिने पुढे गुळाच्या व्यापारात नाव मिळवले. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी आकाराला आल्या. राजारामपुरीच्या गल्ल्या सरळ रेषेत आखून त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले गेले. जुन्या पेठेतील घर शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभे होते. या नव्या वसाहतींत, आणि त्याहून अधिक ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीसारख्या भागांत, घराभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा आली. बंगल्याच्या या अंगणात फुलझाडे उत्तम वाढली, परंतु फाटक लागले आणि हादग्याच्या फेराला शेजारच्या मुली बोलावणे पाठवून आणाव्या लागू लागल्या. सणांच्या दृष्टीने पाहिले तर बंगल्याने जागा वाढवली आणि येणेजाणे कमी केले, असे म्हणणे भाग आहे.

त्यानंतर आली ती सदनिकांची इमारत, जिला कोल्हापुरात सगळेच अपार्टमेंट म्हणतात. तिचा कायदेशीर पाया मुंबईच्या गरजांतून घातला गेला. सदनिका बांधून विकणाऱ्यांवर बंधने घालणारा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम १९६३ साली आला आणि महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० साली. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते व सभासदाला वापराचा हक्क मिळतो. १९७० च्या अधिनियमाखाली प्रत्येकाला आपल्या सदनिकेची स्वतंत्र मालकी आणि सामाईक भागांत अविभाज्य हिस्सा मिळतो. कोल्हापुरात १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि नंतरच्या दशकांत, वाड्यांच्या वाटण्या होत गेल्या आणि बंगल्यांच्या भूखंडांचे भाव चढले, तसतशा तीन-चार मजली इमारती आधी नव्या वसाहतींत आणि मग जुन्या पेठांतही उभ्या राहिल्या. वाडा पाडून इमारत उठवताना भावाभावांना एकेक मजला मिळाला, आणि सोपा, चौक, परडे ही तिन्ही ठिकाणे एकाच वेळी नाहीशी झाली.

परंतु याच इमारतीने कोल्हापूरला पूर्वी नसलेली एक गोष्ट दिली, ती म्हणजे गच्ची. सळई आणि सिमेंटच्या स्लॅबमुळे, वर जलरोधक थर टाकून आणि पाण्याला उतार देऊन, मुसळधार पावसाच्या या गावात सपाट छत प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दहा-बारा कुटुंबे एका जिन्याने जिथे पोचतात, जिथे कोणाचाही उंबरठा ओलांडावा लागत नाही आणि जिथून एका बाजूला जोतिबाचा डोंगर तर दुसऱ्या बाजूला टेंबलाईची टेकडी दिसू शकते, अशी ही जागा होती. कोजागिरी गच्चीवर गेली ती याच कारणाने. वर्गणी काढून दूध आणावे, मोठे पातेले तिथेच शेगडीवर चढवावे, भेळ किंवा भजी करावीत, मुलांनी गाणी म्हणावीत आणि चंद्र माथ्यावर आला की दूध वाटावे, ही आज परंपरा वाटणारी पद्धत वस्तुतः स्लॅबच्या छताएवढीच नवी आहे. आणि नवी असली म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. एका जातीच्या गल्लीत वाढलेली माणसे ज्या इमारतीत वेगवेगळ्या गावांतून, जातींतून आणि व्यवसायांतून येऊन राहिली, तिथे पहिली ओळख पुष्कळदा या पातेल्याभोवतीच झाली. सामाईक घरांच्या या शरदाचे हे सर्वांत मोठे देणे आहे.

गच्चीखालोखाल उपयोगी पडली ती तळमजल्यावरची खांबांमधली जागा, जिला पार्किंग म्हणतात. घटस्थापनेची माती आणि धान्य बाजारातून विकत आणून घट घरातच बसतात, पण हादग्याचा पाट या खांबांमध्ये मांडला जातो, गुजराती शेजाऱ्यांकडून आलेला दांडियाही तिथेच खेळला जातो, आणि दसऱ्याला दुचाक्या-चारचाक्यांना झेंडूच्या माळा तिथेच पडतात. दसरा चौकातील शाही सोहळ्यात छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी मेबॅक मोटारीतून येतात, शमीपूजन होते आणि आपट्याचे सोने लुटले जाते. ते सोने घेऊन परतलेला माणूस आता गल्लीऐवजी जिन्याने फिरतो आणि वरच्या मजल्यापासून खालपर्यंत प्रत्येक दारी पाने देत उतरतो. किल्लाही टिकला आहे. पहारेकऱ्याच्या खोलीशेजारी, कुठल्या तरी बांधकामावरून मागून आणलेल्या मुरमावर तो उभा राहतो आणि आठ-दहा घरांतील मुले मिळून तो करतात, जे वाड्यात प्रत्येक घराचा वेगळा किल्ला असताना होत नव्हते.

सगळेच काही वर चढू शकले नाही. परड्यातली म्हैस गेली आणि तिच्याबरोबर पाडव्याच्या दिवशी शिंगे रंगवून, मोरपिसांनी आणि कवड्यांनी सजवून निघणाऱ्या म्हशींच्या सगराशी असलेले घरचे नाते तुटले. हा सोहळा अजून उत्साहाने होतो, पण बहुतेक शहरवासी तो प्रेक्षक म्हणून पाहतात. चुलीच्या धुरात तापलेले पाणी, अंगणभर रांगोळी, पहाटेच्या काळोखात दारात फोडलेले चिराटे यांना सदनिकेत जागा नाही. दारापुढच्या अरुंद फरशीवर रांगोळी वीतभर उरली आहे.

इमारतींच्या उंचीचा आणि शरदाचा कोल्हापुरातील सर्वांत बोलका संबंध अंबाबाईच्या मंदिरात दिसतो. मंदिर पश्चिमाभिमुख असून ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी आणि १ व २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गरुड मंडपामार्गे गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावेत असा हा किरणोत्सव आहे. किरणांच्या या वाटेवर, महाद्वार रस्त्याच्या बाजूला, इमारतींचे वरचे मजले, पाण्याच्या टाक्या आणि गच्चीवरचे पत्रे आडवे येऊ लागले तेव्हा मार्गाची मोजणी करावी लागली आणि काही अडथळे उतरवावे लागले. ढग आणि हवेतील धूळ यांवर कोणाचा इलाज नाही, पण भिंतीवर आहे. मध्ययुगातील स्थपतीने सूर्याची गती मोजून जी वाट ठेवली, ती एका वाढीव मजल्याने बंद होऊ शकते, हे या शहराने प्रत्यक्ष पाहिले आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आल्यापासून कोल्हापुरातही अधिक उंच इमारतींचा मार्ग मोकळा झाला आहे. उंच इमारतीत गच्चीवर सौर पट्ट्या, टाक्या आणि लिफ्टची यंत्रे येतात, सुरक्षेच्या नावाखाली दाराला कुलूप लागते, आणि काही ठिकाणी वरच्या मजल्याच्या ग्राहकाला गच्ची जोडून विकली जाते. कायद्याची भूमिका मात्र याबाबत बरीच स्पष्ट आहे. १९७० च्या अधिनियमाने सामाईक भागांच्या व्याख्येत छपरांचा समावेश केला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात गच्च्या, क्रीडांगणे आणि उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरले आहेत. आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात, खांबांमधली वाहनतळाची जागा ही स्वतंत्र सदनिका नसल्याने विकासकाला ती विकता येत नाही, असा निर्णय दिला आहे.

म्हणून नव्या घराचा करारनामा वाचणाऱ्या कोल्हापूरकराने सदनिकेच्या चटईक्षेत्राइतक्याच काळजीने गच्चीचे आणि पार्किंगचे कलम वाचावे, आणि जुन्या इमारतीतील सभासदांनी गच्चीच्या किल्लीचा प्रश्न वार्षिक सभेत मांडावा. हादगा, कोजागिरी आणि किल्ला यांना या शहरात उरलेली घरची जागा तेवढीच आहे, आणि ती कायद्याने सर्वांची आहे.